सामना रद्द

मध्यंतर सुरू होताच इंजिनिअर धापा टाकत नियंत्रण कक्षात आला. "मॅडम, पूर्वेच्या स्टँडवरचं छत तोलणारी केबल सुटत चाललीय."

काचेपलीकडे, त्याच छताखाली, हजारो माणसं उड्या मारत होती. त्यांच्या आरोळ्या छतावर आपटून दुप्पट होत होत्या. खरं सांगितलं असतं, तर जिन्यांवर चेंगराचेंगरी झाली असती. स्टेडियमच्या व्यवस्थापक बाईंनी माइक जवळ ओढला. "मैदान खेळण्यायोग्य न राहिल्यामुळे सामना रद्द करण्यात येत आहे."

एकच बोंबाबोंब झाली. पण चिडलेले लोक पळाले नाहीत; शिव्या घालत, पाय ओढत जिने उतरू लागले. तेवढ्यात त्याच स्टँडमधून बाईंच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आपण जिंकत होतो! मी इथून हलणार नाही, काय करायचं ते कर."

बाईंनीही आवाज चढवला. "फोनवर काय ओरडतोस? हिंमत असेल तर खाली ये आणि माझ्या तोंडावर बोल."

त्या धावत स्टँडच्या दाराशी पोचल्या, तेव्हा तो तणतणत बाहेर येत होता, सगळ्यांच्या शेवटी.

"ताई, तुला जरा तरी लाज..." त्याने सुरुवात केली, आणि त्याच्या पाठीमागे, रिकाम्या स्टँडवर, छत कोसळलं.