हद्दीतलं घर

ऑकलंडमध्ये आमच्या रस्त्याच्या अलीकडची घरं नामांकित सरकारी शाळेच्या हद्दीत येतात, पलीकडची येत नाहीत; आणि प्रवेश हद्दीत राहणाऱ्या मुलांनाच मिळतो. माझं घर अलीकडे आहे, एवढ्या एकाच कारणासाठी माझी नात टॅम्सिन कागदोपत्री माझ्याकडे राहते. शाळेला संशय आला आणि मिसेस टुपोऊ नावाच्या बाई घर तपासायला आल्या. माझी पुस्तकं बाजूला सारून मांडलेली खाट त्यांनी पाहिली, मग न्हाणीघरात जाऊन टूथब्रशवर बोट फिरवलं.

"आजोबा, ब्रश कोरडा आहे."

"ती सकाळी जरा घाईत असते," मी म्हणालो.

"आणि गादीवरचं प्लास्टिक? तेही घाईत काढायचं राहिलं?"

मला खोटं बोलणं कधी नीट जमलेलंच नाही. "ती पुलापलीकडे आईकडे राहते," मी सांगून टाकलं. "तिथली शाळा निकालांच्या यादीत फार खाली आहे हो. चूक माझी आहे, पण तिचं नाव काढू नका."

बाईंनी फॉर्मवर 'विद्यार्थिनी इथेच राहते' असं लिहून सही केली, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"नोकरी त्याच शाळेत करते, पण या हद्दीत घर घेणं मला या जन्मात जमणार नाही. माझी लेक फेब्रुवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की हायस्कूलला, नववीत जाईल. तुम्हाला आणखी एक नात चालेल का?"