निरोगी माणसाचं सॅम्पल

पडद्यावर एकही पेशी उजळली नाही.

तिने नळी काढली, हलवली, पुन्हा यंत्राला लावली. तेच. पेशींचे सगळे ठिपके डाव्या, न उजळलेल्या कोपऱ्यात दडी मारून बसलेले.

आता काही तिची धडगत नव्हती. तपासणीसाठीची ही अँटिबॉडी तिनेच निवडली होती, तीही सरांशी हुज्जत घालून. हिशेब सरळ होता. कर्करोगावरचं एक औषध रोगप्रतिकारक पेशींवर ठरावीक जागी जाऊन बसतं. तिची चमकणारी अँटिबॉडीही नेमकी तिथेच बसणारी. औषधाने जागा अडवली असेल तर पेशी उजळत नाहीत, मोकळी असेल तर लखलखतात. आठवडाभर पेशंटांच्या पेशी उजळल्या नव्हत्या. ‘औषध पोचलंय’ असे रिपोर्ट तिने बिनदिक्कत दिले आणि डॉक्टरांनी डोस तेवढेच ठेवले.

काल सरांनी सहज विचारलं होतं, “औषध न घेणाऱ्या माणसावर बघितलंस ना?”

“हो,” ती म्हणाली होती. धडधडीत खोटं.

पेशंट उतारवयाचे, म्हणून ताडून बघायला निरोगी रक्तही त्याच वयाचं हवं. आज सकाळी तिने बाबांनाच गाठलं.

“माझं कशाला? शेजारच्या काकांचं घे. सल्ले फुकट देतात, रक्तही देतील.”

“पत्ते खेळून आलात की कुस्ती मारून आल्यासारखे दोन दिवस झोपता, आणि मला एक नळी रक्त देववत नाही?”

बाबा हसले. “घे बाई. तू काही ऐकायची नाहीस. शीर तेवढी नीट शोध, हल्ली सापडत नाहीत.”

आणि आता बाबांच्या पेशीही उजळत नव्हत्या. म्हणजे अँटिबॉडी कुणावरच बसत नव्हती. म्हणजे सगळे रिपोर्ट खोटे. कुणाकुणाला औषध कमी पडत असेल!

तिने स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला. रक्त काढलं, त्यात अँटिबॉडी सोडली. नळी अंधारात ठेवून वाट बघताना तिने चक्क हात जोडले. एवढी अँटिबॉडी बरोबर निघू दे, दुसरं काही नको.

पेशी लखलखल्या.

ती खुर्चीत टेकली. अँटिबॉडी चोख होती. रिपोर्ट खरे होते. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

“झालं का गं?” सर आत आले. तिने पडद्याकडे बोट केलं. बाबांचं आणि तिचं, दोन्ही चित्रं शेजारीशेजारी होती.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, तिच्या कोपराशी चिकटवलेला कापूस पाहिला. “हे उजवीकडचं तुझं ना? झकास! मानलं बुवा तुला.”

मग ते डावीकडच्या चित्राकडे वाकले.

“आणि हे पेशंट कोण? औषध अगदी छान पोचलंय त्यांना.”