चिरुटाची टोपी

चिरूट नीट कापलेला होता, हीच तर भानगड होती.

एलिएसेर तंबाखूच्या मळ्यावरून आला, अर्धा ओढलेला चिरूट ओसरीतल्या बशीवर ठेवून हात धुवायला मागे गेला. ओदाल्मिसने खांद्यावरची तान्ही मारिएला सावरत तो उचलला. एका झटक्यात, एका रेषेत तोंडाकडची पानाची टोपी तेवढीच उडवलेली. टोपी आणि पान जिथं जुळतात ती रेघ शाबूत.

ओदाल्मिसने सहा वर्षं कारखान्यात चिरूट वळले होते. असा काप चंद्रकोरीसारख्या सुरीचा, आणि ती सुरी वळणाऱ्या बाईच्याच हातातली, हे तिला झोपेतही कळलं असतं. सुरी रेघेच्या जरा खाली गेली की पान उलगडतं आणि सगळा चिरूट तोंडात सुटतो. लग्नाआधीपासून ती एलिएसेरला हे शिकवत आली होती. तो टोपी दातांनी कुरतडायचा, लांब थुंकायचा आणि म्हणायचा, "देवानं सुरी तोंडातच दिलीय, ओदी!"

मग आता कापून देणारी कोण?

बाळंतपणाला ती आईकडे सान लुईसला गेली होती. चाळीस दिवस. पहिल्या आठवड्यानंतर हा फिरकलाच नाही. फोनवर म्हणाला, पानं टांगताना शिडीवरून पडलो, ओठ सुजलाय, पोर घाबरेल. ती परत आली तेव्हा ओठावर साधा ओरखडाही नव्हता.

तेव्हापासून ती बघत होती. बाळाला अंगावर पाजताना बघायची, लंगोट वाळत घालताना बघायची. फाटकाशी येताच शीळ घालणारा माणूस आता मुका येत होता. मुका घेणं तर सुटलंच. कपाळावर ओठ टेकवले की झालं. तोंडाला पुदिन्याचा वास. हसायचा तेही हात आडवा धरून, पाहुण्यांत बसलेल्या नव्या नवरीसारखा. परवा तिने कणसं उकडली, तर ताट सरकवून म्हणाला, "तिकडंच खाऊन आलो."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"मळ्यावर गं."

शेजारची म्हातारी कुका कुंपणावरून म्हणाली होती, "पोरी, पुरुष घरचं जेवण टाकायला लागला की समजायचं, दुसरीकडं चूल पेटलीय."

"तुमचं आपलं काहीतरीच, कुकामावशी," ओदाल्मिस हसली होती. त्या दिवशी तिच्या हातून दूध दोनदा उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन मळ्यावर गेली. मारिएला खांद्यावर झोपली होती. सुकवणीच्या पडवीत सेनाइदा आपल्या फळीशी बसली होती. मळ्यावर चिरूट वळणारी बाई ती एकच. भरल्या अंगाची, कानामागे जास्वंद. एलिएसेर तिच्यासमोर चिरूट धरून उभा. तिने सुरी टेकवली, खट् केलं, टोपी उडाली. ओदाल्मिस टांगलेल्या पानांच्या आड थांबली.

"बायकोला सांगितलंस?" सेनाइदाने विचारलं.

"धीर होत नाही."

"एका घरात राहून किती दिवस झाकशील? बाईमाणसाला वास लागतो."

"तिला कळलं तर माझ्याकडं ढुंकून बघणार नाही ती. बघितलंयस ना, बाळंतपणानंतर किती देखणी झालीय."

"मग काय, जन्मभर माझ्याकडंच येणार?"

दोघंही हसले. एलिएसेरने तोंडावर हात धरला.

ओदाल्मिस डबा तसाच घेऊन घरी आली. रडली नाही. मारिएलाचे कपडे पिशवीत भरले, लंगोट मोजून वर ठेवले, पिशवी दाराशी नेली. घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्रीसुद्धा, लंगोटांखाली खुपसल्या. मग बाळंतपणानंतर पहिल्यांदाच फळी मांडून तिने एक चिरूट वळला. वडिलांच्या मळ्यातलं पान, आतला भरणा घट्ट. टोपी दुहेरी चढवली आणि डिंक चांगला सढळ हाताने लावला.

ऊन कलतं झालं तेव्हा तो आला. तिने चिरूट पुढे केला.

"अरे वा! तुझ्या हातचा?" त्याचे डोळे चमकले. "सुरी दे की."

"सुरी नाही. दातानं तोड, पूर्वीसारखा."

"दातानं? तूच तर ओरडायचीस."

"आता नाही ओरडत."

"उद्या ओढतो. मळ्यावर निवांत."

"सेनाइदाकडून कापून घेऊन?"

एलिएसेरच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "कुणी सांगितलं?"

"मी ऐकलं. धीर होत नाही म्हणालास ना? आता मी धीर देते." तिचा आवाज चढला तशी मारिएला चुळबुळली, म्हणून ओदाल्मिसने आवाज खाली आणला. "सान लुईसची गाडी साडेसहाला आहे. एलिएसेर, लग्नाच्या दिवशी वडिलांनी दिलेला चिरूट तू माझ्याकडं बघत दातानं तोडला होतास. तसंच माझ्याकडं बघ आणि हा तोड. नाही जमलं तर समजेन, माझा नवरा आता तिचा झाला."

"ओदी, तसं नाही गं. ऐकून तर घे."

"तोड."

त्याने दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. तिच्या खांद्यावरच्या इवल्या टाळूकडे पाहिलं. तिने चिरूट सोडला नाही. हातात धरूनच त्याच्या तोंडाशी नेला. त्याने डोळे मिटले आणि चावा घेतला. टोपी तुटेना. तो मान झटकून ओढू लागला, आणि ओदाल्मिसने संतापाने चिरूट खस्सकन मागे खेचला.

चिरूट तिच्या हातात आला. टोपी जागच्या जागी होती, आणि तिच्यात एलिएसेरचे वरचे पुढचे चार दात गुलाबी प्लॅस्टिकच्या हिरडीसकट रुतून बसले होते.