वेल्डरवर नजर

वेल्डर पुन्हा दिसेनासा झाला तेव्हा मुकादम हॉटेलच्या जिन्यात बसून बुटाची नाडी बांधत होता. दुसरा बूट तिथेच टाकून तो धावला. वेल्डर बाहेर फुटपाथवर मान वर करून उभा होता.

"विमान गेलं," वेल्डर म्हणाला.

"विमान जाऊ दे. तू जाऊ नकोस." मुकादमाने त्याला दंडाला धरून आत आणलं.

मुकादम हे काही त्याचं नाव नव्हे. विमानप्रेमी मंडळाला हवाई कसरती दाखवायला परदेशात घेऊन आलेला तो टूर कंपनीचा माणूस. उठता बसता माणसं मोजायचा, म्हणून मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त हेडबाई, त्याला मुकादम म्हणू लागल्या. त्यालाही ते चाललं. जन्मभर लोकांच्या बॅगा उचलून त्याला आता कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

मोजायला कारण होतं. मागच्या सहलीत एक नवराबायको कारंजं बघून येतो म्हणून गेली, ती तिकडेच राहिली. कुठल्याशा हॉटेलात भांडी घासतात, असं नंतर कानावर आलं. यंदा निघताना कंपनीच्या मालकाने मुकादमाला केबिनमध्ये उभं करून सांगितलं होतं, एक जरी पाहुणा कमी आला तर तूही तोंड दाखवू नकोस.

संशय होता तो वेल्डरवर. बाकीच्यांच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरे आणि तोंडात विमानांची नावं. वेल्डरला एक नाव येईल तर शपथ. त्याला म्हणे विमानांच्या पोटाखालचे सांधे बघायचे होते. त्यातून त्याचा मावसभाऊ याच शहरात कामाला.

"सांधे बघायला कोणी समुद्र ओलांडतं का?" हेडबाई म्हणाल्या. "हा पक्षी उडणार."

म्हणून मुकादमाने त्याच्याच खोलीत मुक्काम केला आणि आपला पलंग दाराला आडवा लावला.

बसमध्ये सुनेचा फोन आला. चॉकलेटं कुठली आणायची ते तिने सांगितलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं, की नातवाचं अभ्यासाचं टेबल आलंय, त्यामुळे बाबांची, म्हणजे मुकादमाची, हॉलमधली खाट गॅलरीत सरकवलीये. पावसाआधी वरून ताडपत्री लावून देणार आहेत.

मुकादम "बरं" म्हणाला. फोन खिशात टाकून त्याने माणसं मोजली.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. वर विमानं उलटीपालटी होत होती, धुराच्या रेघा ओढत होती. मंडळ आ वासून वर बघत होतं. मुकादम एकटा आभाळाकडे पाठ करून माणसांकडे बघत होता. विमान म्हणजे त्याच्या लेखी उशिरा येणारी वस्तू, आणखी काही नाही.

दुपारी मावसभाऊ भेटायला आला. मुकादम बाकावर दोघांच्या मधोमध भिंतीसारखा बसला आणि त्याने पाहुण्याची उलटतपासणी सुरू केली. काम काय, तर शीतगृहात खोकी रचायची. कागदपत्रं कोण बघतं, तर कोणी नाही, मालकाला माणसंच मिळत नाहीत. वयाची अट? उभं राहता आलं की झालं. राहायला? मागच्या बाजूला प्रत्येकाला एकेक खोली, बेताचीच.

"दार आहे?" मुकादमाने विचारलं.

"आहे की. आतून कडीसुद्धा आहे."

मुकादमाने खिशातून पेन काढलं. मग त्याने पत्ता मागून घेतला, बस कुठली तेही विचारून घेतलं. "वेळ पडली तर थेट तुमच्या दाराशी येईन. सांगून ठेवतो."

"तुम्ही पोलिसात हवे होतात," हेडबाई कौतुकाने म्हणाल्या.

वेल्डर मात्र दुखावला. "काका, घरी बायको आहे माझी. पोटुशी आहे. मी कशाला राहू इथे?"

"ज्याची घरी कोणी वाट बघतं, तो राहत नाही, खरं आहे," मुकादम म्हणाला. पण रात्री पलंग दाराला आडवाच लागला.

परतीच्या दिवशी त्याने बसमध्येच सगळ्यांचे पासपोर्ट वाटून टाकले. बॅगा ढकलल्या, हेडबाईंची गुडघ्यांची तक्रार ऐकून घेतली, कोणावर खेकसला नाही. वेल्डरला तर कोपराला धरून तपासणीच्या रांगेपर्यंत नेलं आणि तो पलीकडे जाईपर्यंत नजर हलवली नाही.

"तुम्ही व्हा पुढे," तो हेडबाईंना म्हणाला. "मी बॅगांचं बघून येतो."

आत गेल्यावर कळलं की विमानाला चांगलाच उशीर आहे. एरवी लोक कुरकुरले असते. पण समोर काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे विमानंच विमानं. गुळाला मुंगळे चिकटावेत तसं मंडळ काचेला चिकटलं. वेल्डर तर खाली उकिडवा बसला, पोटं नीट दिसावीत म्हणून. चहा झाला, वाद झाले, ऊन कललं. मागे वळून कोणीही पाहिलं नाही.

मालकाचा फोन हेडबाईंना आला. मुकादमाचा लागत नव्हता. पाहुणे सगळे आहेत ना, एवढंच त्याला हवं होतं. हेडबाईंनी मुकादमासारखंच बोट नाचवत डोकी मोजली.

"एकही कमी नाही," त्या म्हणाल्या. "वेल्डरसुद्धा आहे."

मालकाने मोठा सुस्कारा सोडला. माणूस शहाणा झाला म्हणायचा, असं म्हणून त्याने मुकादमाला फोन द्यायला सांगितलं. शाबासकी द्यायची होती.

हेडबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तेवढ्यात वेल्डर आपला फोन कानापासून जरा दूर धरून त्यांच्याजवळ आला.

"बाई, मावसभाऊ आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणतोय, वयाने जरा जास्त आहेत, पण खोकी बरी उचलतात. ठेवून घेऊ का विचारतोय."