काचेतली आकृती

"अहो, टॉर्च लावा की!" संघपालची बायको विशाखा मागून ओरडली.

"टॉर्च कशाला? ह्याला उजेड लागत नाय. अंगाची ऊब दिसती ह्याला," संघपाल म्हणाला आणि कॅमेरा गल्लीभर फिरवू लागला.

पुंडलिकनगरातली वीज सांजेलाच गेली होती. त्या अंधारात त्याची आई, गीताबाई, घरातून निघून गेली होती. हल्ली तिला वाटा आठवत नसत. जानेवारीची थंडी होती आणि तिच्या अंगावर नुसतं लुगडं.

वाळूजच्या कारखान्यात विजेच्या पॅनलमध्ये कुठं तापलंय, ते संघपाल याच कॅमेऱ्यानं शोधायचा. आता त्याच्या पडद्यावर गार भिंती काळ्या दिसत होत्या. ओट्यावरचं कुत्रं पांढरं, गच्चीवरचा माणूस पांढरा.

"संघपाल, बॉर्डरवरची दुर्बीण आणलीस का काय?" शेजारचे काकासाहेब फाटकातून म्हणाले.

"तसंच समजा, काका. मांजरबी सुटायचं नाय ह्यातून."

काकासाहेबांच्या गाडीपाशी तो थबकला. मागच्या काळ्या काचेत एक पांढरट आकृती होती. त्यानं हात हलवला. आकृतीनंही हलवला. त्यानं हात खाली घेतला, तिनंही घेतला.

"हॅट, मीच हाय," तो पुटपुटला. त्याचीच ऊब काचेवरून उलटून आली होती. तो घाईनं पुढं गेला. नाल्यापर्यंत गेला, रुळांपर्यंत गेला. पांढरं दिसेल तिथं धावला.

सकाळी काकासाहेबांनी गाडीचं दार उघडलं आणि ते किंचाळले. गीताबाई मागच्या सीटवर गारठून पडली होती. ते गाडी लॉक करायला विसरले होते. मागच्या दाराला लहान मुलांसाठीचं लॉक होतं, ते आतून उघडत नव्हतं.

घाटी दवाखान्यातल्या खाटेशी उभं असताना संघपालला स्वतःचेच शब्द ऐकू येत होते. कारखान्यात नव्या पोरांना तो बजावायचा, ऊब काचेच्या पार येत नाही, आधी पॅनलचं दार उघडायचं, मगच कॅमेरा लावायचा.

दुपारी गीताबाईनं डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता.

"त्या डबड्याचा उजेड तुझ्या तोंडावर पडला व्हता. तू हात केलास, मीबी केला. मग तसाच का निघून गेलास रं, संघ्या?"