लिटरला पंचवीस

वाल्पाराइसोच्या समुद्राकाठच्या रस्त्यावरून जावयाची नवी हायब्रिड गाडी रांगत चालली होती. मागच्या सीटवर माझी मुलगी मारित्सा बाळंतपणाच्या कळांनी कण्हत होती. जावई निबाल्दोची नजर मात्र समोरच्या मायलेजच्या आकड्यावर होती. आधीची साधी गाडी लिटरला सोळा किलोमीटर द्यायची. हिच्या जाहिरातीत पंचवीस लिहिले होते, पण रस्त्याने ती जाहिरात वाचली नसावी. अठराच्या वर आकडा कधी गेला नव्हता. आज चोवीस दिसत होता.

गॅस सिलिंडरचा ट्रक खडखडत आमच्या पुढे निघून गेला.

“अरे, दाब ना जरा,” मारित्सा म्हणाली.

“दाबलं की पेट्रोलचं इंजिन सुरू होतं गं. थोडी कळ काढ.”

“कळाच काढतेय मी.”

नात हॉस्पिटलच्या दारातच जन्मली.

घरी निघताना मारित्सा बाळाला घेऊन गाडीत बसली आणि खोचकपणे म्हणाली, “वजन वाढलं हं आता. आकडा पडणार तुझा.”

निबाल्दोने बाळाकडे पाहून खरोखरच विचार केला. “नाही गं, तीन किलोनं काही बिघडत नाही.”

मग त्याने माझ्याकडे पाहिले. “आई, तुम्ही मात्र बसने या.”