अकरावी बाटली

"नुसतं तेल?" येसूबाईनं पुन्हा विचारलं.

बाटल्या आणून देणाऱ्या आरोग्यसेविका विजयाबाईंनी मान खाली घातली. "हिरव्या टोपणाच्या बाटल्यांत नुसतं तेल. लाल टोपणाच्या बाटल्यांत अ जीवनसत्त्व. एका रंगात नुसतं तेल आहे हे मला माहीत होतं, कुठल्या ते काल पालघरच्या बैठकीत कळलं. जीवनसत्त्वानं तान्ही बाळं वाचतात का, ते पाहायचं होतं. लालवाली थोडी जास्त जगलेली दिसतात."

येसूबाई माकुणसारची सुईण. दोन वर्षं गावातल्या प्रत्येक नव्या बाळाच्या तोंडात तिनंच ते थेंब सोडले. आया बिचकल्या तर म्हणायची, "अगो, मी देते ना!" बाटल्या पेटीत ओळीनं लावलेल्या असत. बाळ जन्मलं की पुढची उचलायची, एवढाच नियम.

"याच ओट्यावर बसून सांगितलंत, बाई. रंग दोन, औषध एकच. माजा नातू तिसऱ्या महिन्यात गेला, तवा डोळं पुसायला आलात. तवापन बोलला नाय!"

"आधी सांगितलं असतं तर कोणी घेतलं असतं का, मावशी?"

"ते आमाला इचारायचं होतंत."

अंगणात शेजारच्या कमळीची मुलगी करवंटीत वाळू भरत होती. सून मंजुळा सूप घेऊन दारातच उभी राहिली.

विजयाबाईंनी घाईघाईनं वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. तुमचा नातू अकरावा. अकरावी बाटली लाल. त्याला औषध मिळालं होतं."

मंजुळानं कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास सोडला. "बरं झालं, आई. आपल्या हातून तरी काय कमी पडलं नाय."

येसूबाईची नजर अंगणातल्या मुलीकडे गेली. नातू जन्मला त्या सकाळी लाल बाटलीच पुढं आली होती. पण मंजुळाच्या हातात हिरवा चुडा होता, घरातला पहिला नातू होता. त्याला शुभ रंगाचंच द्यावं म्हणून तिनं लाल बाटली मागं सारली आणि तिच्यामागची हिरवी उचलली. लाल बाटली चार दिवसांनी कमळीच्या मुलीला गेली.

औषध एकच, असंच तर सांगितलं होतं.